चंद्रांचे मूळ आणि कूळ

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त शाळेच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाची संहिता)



शाळा सुरू झाली त्या सुमारास, म्हणजे १९६५ साली, गुरू या ग्रहाचे बारा चंद्र ज्ञात होते. शनीचे नऊ, युरेनसचे पाच आणि नेपच्यूनचे दोन. चारही महाकाय ग्रहांच्या चंद्रांची बेरीज अठ्ठावीस होत असे. मार्च २०२५ मध्ये एकट्या शनीभोवतीच्या १२८ नव्या चंद्रांना एकदम मान्यता मिळाली आणि शनीच्या चंद्रांची संख्या २७४ वर गेली. पहिल्या तुकडीतील एखाद्या विद्यार्थ्याने परीक्षेत ‘नऊ’ हे उत्तर लिहून पूर्ण गुण मिळवले असतील, तर त्याच्या नातवाला आज त्याच उत्तरासाठी शून्य मिळेल.

अशा वेळी कोणत्याही पालकाच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. शाळेत शिकवलेली माहिती साठ वर्षांत इतकी जुनी होत असेल, तर शाळेने नेमके दिले काय? या शंकेचे उत्तर महाकाय ग्रहांच्या चंद्रांकडेच शोधता येते. चंद्रांची संख्या बदलली. परंतु एखादा चंद्र कोणत्या वाटेने, कोणत्या दिशेने आणि किती वेळात फिरतो हे पाहून त्याचा जन्म कोठे झाला हे ओळखण्याची रीत बदललेली नाही. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये असे मराठीत म्हटले जाते. खगोलशास्त्रज्ञ मात्र चंद्राला त्याचे मूळही विचारतो आणि कूळही. चंद्राची कक्षा त्याला त्याचे उत्तर देते.

या विचारपूसीचा आरंभ ७ जानेवारी १६१० च्या रात्री झाला. इटलीतील पादुआ येथे गॅलिलिओने आपली दुर्बीण गुरूकडे वळवली तेव्हा गुरूच्या शेजारी, एका रेषेत, तीन बारीक तारे दिसले. दोन पूर्वेला, एक पश्चिमेला. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेला होते. ९ तारखेला आकाश ढगाळ होते. १० तारखेला दोनच दिसले, तेही पूर्वेला. १३ तारखेला एकूण चार झाले. गॅलिलिओने प्रत्येक रात्रीची आकृती काढून ठेवली होती, आणि त्या आकृत्या एकाखाली एक ठेवल्यावर अर्थ उलगडला. हे तारे नव्हतेच. ते गुरूभोवती प्रदक्षिणा घालणारे चार चंद्र होते. पुढे त्यांना आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो ही नावे मिळाली. विश्वातील सर्व काही पृथ्वीभोवतीच फिरते या समजुतीला त्या आकृत्यांनी तडा दिला. एका रात्रीच्या आकृतीत यातले काहीही नव्हते. जे कळले ते आठवडाभराच्या नोंदींतून कळले.

त्यानंतर या चंद्रांची वेळापत्रके तयार होऊ लागली. आयो गुरूभोवतीची फेरी सुमारे पावणेदोन दिवसांत पूर्ण करतो आणि प्रत्येक फेरीत गुरूच्या सावलीत शिरतो, म्हणजे त्याला ग्रहण लागते. ही ग्रहणे इतकी नियमित असत की समुद्रावरील व दूरदेशीचे रेखांश ठरवण्यासाठी त्यांचा घड्याळासारखा उपयोग करावा असा विचार पुढे आला. पॅरिसच्या वेधशाळेत ओले रोमर या डॅनिश खगोलज्ञाला मात्र एक गोष्ट खटकली. पृथ्वी गुरूपासून दूर जात असते तेव्हा आयोची ग्रहणे गणितापेक्षा उशिरा होतात आणि पृथ्वी गुरूच्या जवळ येत असते तेव्हा ती लवकर होतात. आयो आपली चाल बदलत असेल, असे त्याने मानले नाही. १६७६ मध्ये त्याने सांगितले की प्रकाशालाच पृथ्वीपर्यंत यायला वेळ लागतो, आणि अंतर वाढले की तो वेळ वाढतो. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडण्यास प्रकाशाला सुमारे २२ मिनिटे लागतात असा त्याचा हिशेब होता. प्रत्यक्ष आकडा पावणेसतरा मिनिटांच्या जवळपास आहे. आकडा चुकला, पण प्रकाशाला वेग असतो हे सत्य एका चंद्राच्या उशिरातून प्रथम हाती आले.

वेळापत्रकाची ही अचूकता भारतातही उपयोगी पडली आहे. ७ जून १९७२ रोजी गॅनिमीड एका ताऱ्याच्या पुढून जाणार, हे गणिताने आधीच ठाऊक होते. अशा घटनेला मराठीत पिधान म्हणतात. तमिळनाडूतील कावलूर येथील वेधशाळेतून आणि जावा बेटावरील लेंबांग येथून या पिधानाची निरीक्षणे घेतली गेली. त्यांवरून गॅनिमीडला विरळ वातावरण असावे असा निष्कर्ष निघाला. १९७९ मध्ये गुरूजवळून गेलेल्या व्हॉयेजर यानाच्या निरीक्षणांनी त्या वातावरणाचा अंदाज पुष्कळ खाली आणला, आणि १९९० च्या दशकात हबल दुर्बिणीला तेथे अतिविरळ ऑक्सिजन आढळला. विज्ञानातील निष्कर्ष असे पायरीपायरीने दुरुस्त होत जातात. मागची पायरी चढल्याखेरीज पुढची दिसत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. महाकाय ग्रहांच्या चंद्रांची कक्षेवरून सरळ दोन कुळे पडतात.

पहिल्या कुळातील चंद्र ग्रहाच्या जवळ असतात. त्यांच्या कक्षा जवळजवळ वर्तुळाकार असतात, ग्रहाच्या विषुववृत्ताच्या पातळीत असतात, आणि ग्रह ज्या दिशेने स्वतःभोवती फिरतो त्याच दिशेने हे चंद्रही फिरतात. गुरूचे चार मोठे चंद्र, शनीचे टायटन, रिया, डायोनी, एन्सेलॅडस इत्यादी चंद्र आणि युरेनसचे पाच मोठे चंद्र या कुळातले. इतके सर्वजण एकाच पातळीत, एकाच दिशेने फिरतात हा योगायोग असू शकत नाही. सूर्याभोवती जशी वायू आणि धूळ यांची तबकडी फिरत होती व तीतून ग्रह घडले, तशीच लहान तबकडी प्रत्येक वाढत्या महाकाय ग्रहाभोवती फिरत होती आणि तीतून हे चंद्र घडले, असे आज मानले जाते. हे चंद्र म्हणजे त्या घरातच जन्मलेली मुले.

याला दुसरा पुरावा घनतेचा आहे. पाण्याची घनता एक धरली तर आयोची घनता सुमारे साडेतीन, युरोपाची तीन, गॅनिमीडची १.९ आणि कॅलिस्टोची १.८ आहे. गुरूपासून जितके दूर जावे तितका चंद्र हलका होत जातो. जन्मकाळी गुरू अतिशय तप्त होता; त्याच्या जवळच्या तबकडीत बर्फ टिकणे शक्य नव्हते, म्हणून तेथे खडकाळ चंद्र घडले. दूरच्या थंड भागात बर्फ टिकला आणि तो चंद्रांच्या घडणीत सामावला. चुलीजवळच्या भांड्यातले पाणी आटावे आणि दूरच्या भांड्यातले तसेच राहावे, तसाच हा प्रकार.

या जन्मकथेत एक विषादाची छटाही आहे. गुरू, शनी आणि युरेनस यांच्या चंद्रांचे एकत्रित वस्तुमान त्या त्या ग्रहाच्या वस्तुमानाच्या साधारण दहा हजाराव्या भागाइतके भरते. ग्रह इतके वेगवेगळे असताना हे प्रमाण सारखे का, याचे उत्तर रॉबिन कॅनप आणि विल्यम वॉर्ड या संशोधकांनी २००६ मध्ये सुचवले. तबकडीत चंद्र वाढू लागला की त्याच्या गुरुत्वाकर्षणाने तबकडीत लाटा उठतात. त्या लाटांच्या ओढीने तो हळूहळू आत सरकतो आणि अखेर ग्रहात विलीन होतो. त्याच्या जागी नवा चंद्र घडतो, तोही त्याच वाटेने जातो. तबकडीतील वायू संपला तेव्हा जे घडत होते तेवढे वाचले. हे गणित खरे असेल तर आज दिसणारे चंद्र ही शेवटची तुकडी आहे; तिच्या आधीच्या तुकड्यांचे नावही उरलेले नाही. अशी तबकडी केवळ कल्पनेतली नाही. पृथ्वीपासून सुमारे ४०० प्रकाशवर्षे दूर असलेल्या पीडीएस ७० या ताऱ्याच्या एका ग्रहाभोवती ती चिलीमधील अल्मा दुर्बिणींना दिसली असून ते संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

घरातच जन्मलेल्या या भावंडांचे एकमेकांशी नातेही विलक्षण आहे. गॅनिमीड गुरूभोवती एक फेरी घालतो तेवढ्या वेळात युरोपा दोन आणि आयो चार फेऱ्या घालतो. अठराव्या शतकात लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने या नात्याचा गणिती उलगडा केला. या नात्यामुळे तिन्ही चंद्र गुरूच्या एकाच बाजूला, एका रेषेत कधीही येत नाहीत. अशा मेळाला अनुस्पंदन म्हणतात. झोक्यावर बसलेल्या मुलाला प्रत्येक वेळी झोका परतण्याच्या नेमक्या क्षणी हलका धक्का दिला, तर लहान धक्क्यांतूनही झोका उंच जातो. आयो आणि युरोपा यांची भेटही कक्षेच्या ठरलेल्या भागातच होते, आणि म्हणून युरोपाची लहानशी ओढ दर भेटीला त्याच प्रकारे लागत राहते. परिणामी आयोची कक्षा पूर्ण वर्तुळ होऊ शकत नाही. ती किंचित लांबट राहते.

या किंचित लांबटपणाचा परिणाम किंचित नाही. आयो कधी गुरूच्या थोडा जवळ जातो, कधी थोडा दूर. पृथ्वीच्या चंद्रामुळे समुद्राला भरती येते, तशी गुरूच्या प्रचंड ओढीने आयोच्या घन पृष्ठभागालाच भरती येते. तो सुमारे शंभर मीटरपर्यंत वरखाली होतो असे गणित सांगते. जाड तार पुनःपुन्हा वाकवली की ती वाकल्या जागी गरम होते, हे प्रयोगशाळेत प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेले असते. आयोचे अंतरंग दर पावणेदोन दिवसांनी असेच वाकवले जाते.

स्टॅन्टन पील, पॅट्रिक कॅसेन आणि रे रेनॉल्ड्स या तीन संशोधकांनी हे गणित मांडले आणि आयोचे अंतरंग मोठ्या प्रमाणावर वितळलेले असावे, तेथे ज्वालामुखी असू शकतील, असे भाकीत केले. त्यांचा लेख २ मार्च १९७९ रोजी प्रसिद्ध झाला. ५ मार्चला व्हॉयेजर १ हे यान गुरूजवळून गेले. त्यानंतर काही दिवसांतच, यानाचा मार्ग तपासण्यासाठी घेतलेल्या एका छायाचित्रात लिंडा मोराबिटो या अभियंतेला आयोच्या कडेवर छत्रीसारखा एक फवारा दिसला. तो ज्वालामुखीचा उद्रेक होता. पृथ्वीबाहेर जागृत ज्वालामुखी प्रथमच पाहिला जात होता. आज आयोवर चारशेहून अधिक जागृत ज्वालामुखी ज्ञात आहेत. कोणीही जवळ न जाता, केवळ फेऱ्यांच्या वेळांवरून, एका चंद्राच्या पोटात आग असल्याचे कागदावर सिद्ध झाले होते.

आयोपाशी स्वतःची अशी फारशी ऊब नव्हती. आकाराने तो पृथ्वीच्या चंद्राहून थोडाच मोठा आहे, आणि एकटा असता तर तोही कधीच थंड झाला असता. भावंडांनी त्याची कक्षा वर्तुळ होऊ दिली नाही, म्हणून तो जिवंत राहिला. शनीच्या एन्सेलॅडसची कथाही अशीच आहे. जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाच्या या बर्फाळ चंद्राचे डायोनीशी अनुस्पंदन आहे. डायोनीच्या एका फेरीत त्याच्या दोन फेऱ्या होतात. २००५ मध्ये कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळील भेगांतून पाण्याच्या वाफेचे आणि बर्फकणांचे फवारे उडताना दिसले. त्या कवचाखाली समुद्र आहे. १५ सप्टेंबर २०१७ रोजी इंधन संपत आलेले कॅसिनी यान मुद्दाम शनीच्या वातावरणात नेऊन नष्ट करण्यात आले. त्यावरील पृथ्वीचे सूक्ष्मजंतू अशा समुद्रांत पोहोचू नयेत, ही त्यामागची दक्षता होती.

आता दुसऱ्या कुळाकडे. या कुळातील चंद्र ग्रहापासून फार दूर, लांबट आणि तिरक्या कक्षांत फिरतात आणि त्यांपैकी बहुसंख्य उलट दिशेने फिरतात. शनीच्या २७४ चंद्रांतील बहुतेक याच कुळातले आहेत.

उलट दिशेसाठी मराठीत जो शब्द आहे तो घरोघरी पोहोचलेला आहे: वक्री. पंचांगात शनी वक्री झाला असे वाचले की वडीलधारी मंडळी गंभीर होतात. प्रत्यक्षात तो शनी मागे फिरलेला नसतो. धावत्या आगगाडीतून पाहताना शेजारच्या रुळावरची संथ गाडी मागे जाताना भासावी, तसा तो पृथ्वीच्या गतीमुळे झालेला भास असतो. परंतु ग्रहांच्या या दूरच्या चंद्रांचे वक्रीपण भास नाही. ते खरोखरच उलटे फिरतात. ग्रहाच्या तबकडीत जन्मलेला चंद्र तबकडीच्या उलट दिशेने फिरू शकत नाही. तेव्हा हे चंद्र बाहेरून आलेले आणि ग्रहाच्या ओढीत सापडलेले असले पाहिजेत.

शनीचा फीबी हा अशा चंद्रांचा उत्तम नमुना आहे. विल्यम पिकरिंग याने १८९९ मध्ये छायाचित्रांच्या काचांवरून तो शोधला. छायाचित्रणाच्या साहाय्याने सापडलेला तो पहिला चंद्र. शनीपासून सुमारे १ कोटी २९ लाख किलोमीटर अंतरावर तो सुमारे दीड वर्षात एक उलटी फेरी घालतो. त्याच्या शोधाने दोनशेहून अधिक वर्षांच्या एका जुन्या कोड्याची गाठ सुटण्यास वाट मिळाली. १६७१ मध्ये जोव्हान्नी कॅसिनीने आयापिटस हा शनीचा चंद्र शोधला तेव्हा तो शनीच्या पश्चिमेला असताना दिसे आणि पूर्वेला गेला की नाहीसा होई. कॅसिनीने अचूक तर्क केला: या चंद्राची एक बाजू उजळ आणि दुसरी काळी असली पाहिजे, आणि तो शनीकडे सतत एकच तोंड ठेवत असला पाहिजे. पण एकच बाजू काळी का? फीबीवरून उडालेली काळी धूळही फीबीप्रमाणेच उलट दिशेने फिरत हळूहळू आत सरकते आणि समोरून येणाऱ्या आयापिटसच्या पुढच्या बाजूवर आदळते. पावसात धावणाऱ्या माणसाची छाती अधिक भिजते आणि पाठ कमी, तसेच हे. २००९ मध्ये स्पिट्झर अवकाश दुर्बिणीला फीबीच्या कक्षेजवळ या धुळीचे अतिविशाल कडे प्रत्यक्ष दिसले. धुळीने काळवंडलेली बाजू अधिक उष्णता शोषते, तेथील बर्फाची वाफ होऊन ती उजळ बाजूवर गोठते, आणि दोन्ही बाजूंतील फरक वाढत जातो.

गुरूच्या दूरच्या चंद्रांना नावे देतानाही दिशेचा विचार झालेला आहे. सरळ फिरणाऱ्यांची नावे साधारणतः ‘आ’कारान्त, उलट फिरणाऱ्यांची ‘ए’ या रोमन अक्षराने संपणारी, असा संकेत आहे. उलट फिरणाऱ्यांचे काही गट आहेत. एका गटातील चंद्रांच्या कक्षा एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की ते एकाच मोठ्या पिंडाचे टक्करीत झालेले तुकडे असावेत. या उलट्या गर्दीतून सरळ दिशेने जाणारा, सुमारे एक किलोमीटर व्यासाचा व्हॅलेट्युडो नावाचा चंद्र २०१८ मध्ये जाहीर झाला. एकेरी वाहतुकीच्या रस्त्यावर उलट दिशेने शिरलेल्या वाहनासारखी त्याची स्थिती आहे. अशा टकरींतूनच आजचे लहान चंद्र जन्मले असावेत.

बाहेरचा पिंड ग्रहाच्या ओढीत सापडणे ही गोष्ट मात्र बोलण्याइतकी सोपी नाही. परातीच्या काठावरून आत सोडलेली गोटी वेगाने तळाशी जाते, समोरच्या काठावर चढते आणि बाहेर पडते. ती परातीत राहायची तर तिचा वेग आत असतानाच कशाने तरी कमी झाला पाहिजे. दूरून येणारा पिंडही ग्रहाजवळ वेग घेतो आणि तितक्याच वेगाने निघून जातो. कोवळ्या ग्रहाभोवतीचा वायू, दुसऱ्या पिंडाशी टक्कर, किंवा सोबत्याशी ताटातूट, यांपैकी काहीतरी घडले तरच तो तेथे राहतो.

यांतील ताटातुटीची कथा नेपच्यूनच्या ट्रायटनची आहे. नेपच्यूनचा शोध २३ सप्टेंबर १८४६ रोजी लागला आणि अवघ्या सतरा दिवसांनी, १० ऑक्टोबरला, विल्यम लॅसेल याने ट्रायटन पाहिला. हा चंद्र सर्व नियमांना अपवाद आहे. व्यास २,७०० किलोमीटर, म्हणजे प्लूटोहूनही मोठा; कक्षा जवळजवळ अचूक वर्तुळ; अंतर जवळचे; आणि तरीही दिशा उलटी. मोठ्या चंद्रांपैकी असा दुसरा नाही. क्रेग अ‍ॅग्नॉर आणि डग्लस हॅमिल्टन यांनी २००६ मध्ये असा विचार मांडला की ट्रायटन मुळात एका जोडपिंडाचा अर्धा भाग होता. ही जोडी नेपच्यूनजवळून जात असता त्यातील एकाचा वेग घटला आणि तो मागे राहिला. दुसरा वेग घेऊन कायमचा निघून गेला. आरंभी ट्रायटनची कक्षा फार लांबट असणार. ती वर्तुळ होत जाताना नेपच्यूनच्या मूळच्या चंद्रांची वाताहत झाली असावी. नीरीड हा नेपच्यूनचा दुसरा चंद्र आजही १४ लाख किलोमीटरपासून ९६ लाख किलोमीटरपर्यंत हेलकावे खात फिरतो. त्याची ती विस्कटलेली कक्षा त्या उलथापालथीची खूण असू शकते. ऑगस्ट १९८९ मध्ये व्हॉयेजर २ तेथे पोहोचले तेव्हा उणे २३५ अंश सेल्सियस तापमानातही ट्रायटनवर काळसर फवारे उडताना दिसले. नेपच्यूनभोवती फिरणाऱ्या एकूण वस्तुमानापैकी नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक वाटा आज या परक्या पाहुण्याचा आहे.

कक्षा भूतकाळ सांगते तशी ती भविष्यही सांगते. चंद्राच्या ओढीने ग्रहावर भरतीचा फुगवटा येतो. ग्रह चंद्राच्या फेरीपेक्षा जलद, पण त्याच दिशेने फिरत असेल तर तो फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे जातो आणि चंद्राला पुढे ओढतो. चंद्र हळूहळू दूर सरकतो. पृथ्वीचा चंद्र याच कारणाने दरवर्षी ३.८ सेंटीमीटर दूर जातो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार टायटन शनीपासून दरवर्षी सुमारे ११ सेंटीमीटर दूर जात आहे. हा वेग पूर्वीच्या अंदाजाच्या शंभरपट आहे. आज टायटन जेथे आहे त्याहून तो पुष्कळ जवळ जन्मला असावा, असा याचा अर्थ होतो, आणि शनीच्या चंद्रांचा सारा इतिहास नव्याने लिहिण्याची वेळ आली आहे. उलट फिरणाऱ्या ट्रायटनला मात्र तोच फुगवटा मागे ओढतो. तो हळूहळू नेपच्यूनकडे सरकत आहे, आणि सुमारे ३६० कोटी वर्षांनी तो इतका जवळ येईल की नेपच्यूनच्या ओढीने त्याचे तुकडे होऊन त्यांचे कडे बनावे. भरतीचा नियम दोघांना एकच. दिशेच्या फरकाने एकाची वाट बाहेर जाते आणि दुसऱ्याची आत.

श्रोतेहो, आज सभागृहात बसलेले विद्यार्थी या कथेचे पुढचे प्रकरण आपल्या डोळ्यांनी पाहणार आहेत. युरोपाच्या बर्फाखालील समुद्राचा वेध घेण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले युरोपा क्लिपर यान २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचेल. एप्रिल २०२३ मध्ये निघालेले ज्यूस हे युरोपीय यान २०३१ मध्ये तेथे जाऊन पुढे गॅनिमीडभोवती फिरू लागेल. तोपर्यंत आजच्या पाचवीतील मुले शालान्त परीक्षेच्या आसपास असतील, आणि आजच्या व्याख्यानातील काही आकडे जुने झालेले असतील. ते जुने व्हावेत हेच इष्ट आहे.

महाराष्ट्रापासून दूर, दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालवताना एक प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला आहे आणि प्रत्येक प्रवेशाच्या हंगामात तो आजही विचारला जातो: या भाषेत शिकून मुलाला आधुनिक विज्ञान समजेल का? आज येथे जे सांगितले गेले त्यात कक्षा, ग्रहण, पिधान, वक्री, भरती, घनता यांखेरीज फारसे शब्द लागले नाहीत, आणि यांतील बहुतेक शब्द मुलाच्या कानावर शाळेत येण्यापूर्वीच घरात पडलेले असतात. पुढे इंग्रजीत ग्रंथ वाचावेच लागतात, ते वाचलेच पाहिजेत. पण ‘असे का’ हा प्रश्न मुलाला प्रथम ज्या भाषेत पडतो, त्या भाषेत त्याचे उत्तर मिळाले तर तो दुसरा प्रश्न विचारतो. शाळेने द्यायचे असते ते हेच. बारा चंद्रांचा आकडा पाठ केलेल्या पहिल्या तुकडीला जर कक्षेचा अर्थही समजला असेल, तर तिचे शिक्षण आजही जुने झालेले नाही.

पालकांसाठी शेवटी एक छोटासा गृहपाठ आहे. गुरू रात्रीच्या आकाशात दिसत असेल त्या दिवसांत एक साधी द्विनेत्री दुर्बीण घरात आणावी आणि गच्चीच्या कठड्यावर टेकवून स्थिर धरावी. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत बारीक ठिपके दिसतील. कधी चार, कधी तीन, कधी दोनच. मुलाच्या हातात वही द्यावी आणि सलग सात रात्री त्याला ते जसे दिसतील तसे काढू द्यावेत. एखाद्या रात्री ढग येतील. तेथे तारीख लिहून जागा मोकळी ठेवावी, गॅलिलिओलाही ती ठेवावी लागली होती. कोणता ठिपका कोणत्या चंद्राचा हे सांगण्याची घाई करू नये. आठव्या दिवशी मूल स्वतःच वही घेऊन येईल आणि सांगेल की हा सर्वांत जलद धावणारा ठिपका गुरूच्या सर्वांत जवळचा आहे.